जिन्यावर थांबणारा पोस्टमन

कापडगिरणीत विणलेले कापड ज्या खोलीत तपासतात, त्या खोलीच्या खिडक्या मोठ्या असतात आणि तेथे बोलणे कमी असते. अशा खोलीत या गोष्टीतल्या आजींनी एकतीस वर्षे काढली. खालून दिवा लावलेल्या काचेच्या तिरक्या मेजावरून कापड हळूहळू सरकत येई आणि आजी डोळ्यांत तेल घालून त्यातला तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग पकडीत. गिरणीत त्यांना समोर ‘भिंगबाई’ म्हणत आणि पाठीमागे नुसतेच ‘भिंग’.

सापडलेल्या प्रत्येक दोषाची चिठ्ठी लिहावी लागे. आजींना वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत लिहिता येत नव्हते, म्हणून त्या शेजारणीकडून चिठ्ठ्या लिहून घेत. पुढे शेजारणीने त्याबद्दल फार उपकार दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्या कामगारांच्या साक्षरता वर्गात जाऊन बसल्या. माणूस अक्षर शिकल्यावर प्रथम आपले नाव लिहितो असे सांगतात. आजींनी आयुष्यात लिहिलेले पहिले पूर्ण वाक्य असे होते : ‘माग क्रमांक सतरा, बारावा वार, धागा तुटला आहे.’

त्या चिठ्ठीला चार रकाने होते. कुठे दिसले, काय दिसले, काय असायला हवे होते आणि पुन्हा कसे दिसेल. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण चिठ्ठी हातात पडताच प्रत्येक विणकर एकच उत्तर देई : “मला तर काही दिसत नाही बुवा.”

निवृत्तीनंतर हा गुण घरी आला आणि घरात शिरताच त्याचा अवगुण झाला. दोरीवरचा टॉवेल तिरका आहे, भाजीत मीठ कमी आहे, मुलाच्या सदऱ्याचे तिसरे बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने लावले आहे, हे सर्व आजी अगदी शांतपणे आणि कसलाही राग न धरता सांगत. राग नसल्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे. एकदा सून म्हणाली, “सासूबाई, आपल्या घरात कापड सरकत नाही. माणसं राहतात.”

“माणसांनाच सदरे लागतात ना?” आजी म्हणाल्या.

या घरात बावीस वर्षांची नात होती. पदवीचा कागद हाती येताच तिने व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात जाणार असल्याचे जाहीर केले. तिचे वडील घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपून घेत. त्यांनी विचारले, “म्हणजे तू खेळत बसणार?”

“खेळणार नाही, बाबा. गेम बनवणार.”

“आणि लोक खेळत बसणार.”

बराच विचार करून त्यांनी तिला एक वर्ष दिले. जूनच्या मध्यापर्यंत नोकरी लागली तर उत्तम. नाहीतर वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर एक जागा रिकामी होणार होती आणि साहेबांच्या कानावर त्यांनी आधीच घालून ठेवले होते. नातीने ती खिडकी पाहिली होती. खिडकीला गज होते आणि गजांच्या बाहेर सदैव रागावलेली माणसे होती.

वर्षातले आठ महिने नातीने या क्षेत्रात शिरावे कसे, हे सांगणारी भाषणे मोबाइलवर ऐकण्यात घालवले. एक गृहस्थ सांगत, आधी प्रोग्रामिंग शिका. दुसरे सांगत, आधी चित्रकला शिका. तिसरे सांगत, शिकत बसू नका, आजच हात घाला. या तिसऱ्या गृहस्थांची भाषणे तिला इतकी पटली की तिने त्यांच्या दोन वह्या भरून नोंदी काढल्या.

तिच्या जोडीला कॉलेजातली दोघे होती. एक उंच मुलगा, जो प्रोग्रामिंग करी आणि फारसा बोलत नसे. दुसरी चष्मेवाली, जी चित्रे काढी आणि दोघांच्या वाटणीचे बोले. तिघे मिळून सात राज्यांचा एक महान गेम करीत होते. आठ महिन्यांत पहिल्या राज्याचा दरवाजा तयार झाला होता. तो उघडे, पण बंद होत नसे.

एके सकाळी आजी त्यांच्या खोलीत येऊन बसल्या. “हा मुलगा काय करतो?”

“प्रोग्रामर आहे. गेम चालतो तो त्याच्यामुळे.”

“म्हणजे विणकर. आणि ही?”

“ती आर्टिस्ट. माणसं, घरं, रंग, सगळं ती करते.”

“रंगारी. आणि तू?”

“मी डिझायनर, आजी. गेममध्ये काय व्हावं ते मी ठरवते.”

“आणि करतं कोण?”

“हे दोघं.”

“म्हणजे तू मुकादम,” आजी म्हणाल्या. चष्मेवालीला जो ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना.

नातीने चिडून आणखी नावे ऐकवली. आवाज बसवणारे वेगळे असतात, कथा लिहिणारे वेगळे, वेळापत्रक सांभाळणारे वेगळे. आजींनी सगळे नीट ऐकून घेतले. “आणि तपासतं कोण?”

“टेस्टर असतात. पण ते काय, नुसते खेळतात आणि चुका काढतात.”

हे शेवटचे वाक्य आपण कोणाच्या तोंडावर बोललो, ते नातीला बोलून झाल्यावर कळले. आजींच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. त्या इतकेच म्हणाल्या, “गिरणीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी चादर देत नाहीत. रुमाल देतात. रुमाल कडेपर्यंत विणून झाला की मग बघतात.”

नातीला हे मुळीच आवडले नाही. परंतु त्याच आठवड्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीची सूचना आली. जूनच्या पहिल्या सोमवारी होतकरूंनी आपला गेम घेऊन यावे. गेम लहान असला तरी चालेल, अपुरा चालणार नाही. तेव्हा सात राज्ये एका दुपारी खालसा झाली. त्यांच्या जागी एक इमारत आली. पाच मजले, एक जिना, एक पोस्टमन आणि पोहोचवायची अकरा पत्रे.

हा रुमाल तीन महिन्यांत विणून झाला. तिघांनी तो शंभर वेळा खेळून पाहिला आणि शंभरही वेळा पोस्टमनने पत्रे बिनचूक पोहोचवली. मग उदार मनाने नातीने तो आजींच्या हाती दिला.

आजींनी चष्मा पुसला. मुलांचा पोस्टमन तीन मिनिटांत इमारत संपवीत असे. आजींच्या पोस्टमनला पहिल्या मजल्यावर जायलाच अकरा मिनिटे लागली, कारण त्या प्रत्येक दाराची पाटी अक्षराखाली बोट धरून वाचत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी त्याला उभे केले आणि हात मांडीवर ठेवले.

“आजी, पुढे जा ना.”

“दम खाऊ दे त्याला.”

संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस चिठ्ठ्या झाल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन दारांना तीनशे दोन हाच आकडा आहे. मागे वळले की पिशवी हवेत राहते आणि माणूस पुढे जातो. आणि सतरावी चिठ्ठी : पोस्टमन जिन्याच्या वळणावर उभा राहिला असता कमरेपर्यंत पायरीत बुडतो.

नातीचे डोळे भरून आले. कंपनीत जायला पाच दिवस उरले होते. “आजी, गेममध्ये कोणी असं थांबत नाही.”

“पाच मजले चढताना कोण थांबत नाही?”

“तो पोस्टमन आहे. तो दमत नाही.”

“मग त्याच्या पाठीवर एवढी मोठी पिशवी कशाला दिलीत?”

उंच मुलाने सतरावी चिठ्ठी उचलली. चौथ्या रकान्यात लिहिले होते : ‘दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभे राहावे. एक ते साठ आकडे मोजावेत. मोजताना बटणाला हात लावू नये.’ त्याने तसे केले. साठाव्या आकड्याला पोस्टमन आज्ञाधारकपणे पायरीत उतरला आणि कमरेपाशी थांबला. मुलाने उरलेल्या अडतीस चिठ्ठ्याही मागून घेतल्या.

नात दोन दिवस आजींशी बोलली नाही. मात्र चिठ्ठ्या भिंतीवर ओळीने तिनेच चिकटवल्या, कोणती आधी आणि कोणती मागाहून हेही तिनेच ठरवले, आणि एकेक मिटली की त्यावर रेघही तिनेच मारली. पोस्टमनने थांबल्यावर करायचे तरी काय, असे चष्मेवालीने विचारले, तेव्हा नातीने मुकाट्याने आजींना जिना चढताना पाहिले आणि सांगितले, “पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊ दे.”

सोमवारी कंपनीत तपकिरी सदऱ्यातल्या एक बाई त्यांचा गेम पाहायला बसल्या. त्यांनी पोस्टमनला दुसऱ्या मजल्यापर्यंत नेले आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पोस्टमनला वळणावरच सोडले आणि फोन घेऊन त्या खोलीबाहेर गेल्या. तिघे पडद्याकडे पाहत बसले. नातीच्या ओठांवर आकडे होते. पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न. साठ झाले. पोस्टमनने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि वर पाहिले, अजून किती मजले आहेत ते.

बाई परत आल्या तेव्हा तो तिसऱ्यांदा खांदा बदलीत होता. त्या उभ्या उभ्या पाहत राहिल्या. “सकाळपासून नऊ गेम पाहिले. मी फोन घेतला की सगळे बिघडतात. हा उभा राहील हे तुम्हाला कसं सुचलं?”

‘मी डिझायनर आहे, मी ठरवले’ असे म्हणायला ही नामी संधी होती. नातीचे तोंड उघडलेही. मग तिने पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. “सुचलं नाही. माझ्या आजीनं पकडलं.”

बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. “तुम्हीही असंच लिहायला शिकलात का त्यांच्याकडून?”

“शिकले नाही. चिडले.”

“पण दुरुस्त केलंत.” बाईंनी गठ्ठा नीट जुळवून परत दिला. “डिझायनर व्हायचंय म्हणणारे रोज येतात. तुम्हाला मी चाचणीच्या टेबलावर घेईन. आमचे निम्मे डिझायनर त्याच टेबलावरून उठून गेलेत. गेम कुठे मोडतो ते आधी कळावं लागतं.”

उंच मुलाला प्रोग्रामिंगच्या विभागात उमेदवारी मिळाली. चष्मेवालीला ओझे वाहणाऱ्या माणसांची दहा चित्रे काढून पुन्हा भेटायला सांगितले. आणि सात राज्यांची महाराणी चुका काढण्याच्या नोकरीवर लागली.

शुक्रवारी नेमणुकीचे पत्र आले. वडिलांनी ते उभ्याने वाचले, मग बसून वाचले. सुनेने वाचले. नातीने किती वेळा वाचले याची गणती नाही. शेवटी ते आजींकडे गेले. आजींनी अक्षराखाली बोट धरले. बोट तिसऱ्या ओळीपर्यंत गेले आणि तेथेच राहिले.

“जूनचे दिवस किती?” त्यांनी विचारले.

पत्रात लिहिले होते, एकतीस जून रोजी कामावर हजर व्हावे.

वडील म्हणाले, “राहू दे. साहेबांच्या पत्रात चूक काढायची नसते. तीस तारखेला जाऊन उभी राहा.”

“आणि ते म्हणाले, आज का आलीस?”

“मग एकलाच जा.”

“आणि ते म्हणाले, काल का नाही आलीस?”

नातीने आजींकडे पाहिले. आजींनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. नात लिहू लागली. कुठे दिसले : पत्राची तिसरी ओळ. काय दिसले : एकतीस जून. काय असायला हवे होते : जी तारीख येते ती. पुन्हा कसे दिसेल : कोणतेही कॅलेंडर उघडून पाहावे. चिठ्ठीचा फोटो काढून तिने तो कंपनीला पाठवला आणि तासभर मोबाइल उशीखाली दडवून ठेवला.

उत्तर आले : ‘एक जुलैला या. ही तुमची परीक्षा नव्हती. पण ऑफिसात आता आम्ही सगळ्यांना परीक्षाच होती असं सांगत आहोत.’

जेवायला बसल्यावर नातीने पहिला घास घेतला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आई, भाजीत मीठ कमी आहे.”

सुनेने डाव खाली ठेवला. “झालं. आता या घरात दोन भिंगं.”

आजींनी घास घेतला आणि सावकाश चावला. सर्व त्यांच्याकडे पाहत होते. “मीठ बरोबर आहे,” त्या म्हणाल्या आणि नातीकडे वळल्या. “गिरणीत चुकीची चिठ्ठी लिहिणाऱ्याला महिनाभर नुसतं बघायला बसवत. आधी पाणी पी, मग पुन्हा चाख.”