लिंबूटिंबू

माझ्या मुलीच्या छोट्याशा कॉलेजच्या बास्केटबॉल कोचना सगळे नुसतं कोच म्हणतात. इथे परदेशात, बुकित पंजांगला, आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये ते रोज भेटतात. वाक्य संपलं की टेबलावर बोट आपटतात, आणि माझी कॉफी हिंदकळते.

एकदा मी त्यांना लिंबूटिंबू म्हणजे काय ते सांगितलं. खेळात घेतलेलं लहान पोर, ज्याला कुणीच बाद करत नाही. ते हसले नाहीत. "म्हणजे आम्हीच, लाह," इथल्या बोलीतलं शेपूट लावत म्हणाले आणि बोट आपटलं.

परवा बड्या कॉलेजशी मॅच होती. आमची सगळ्यात चांगली खेळाडू गेल्या वर्षी त्यांनीच उचलली. मध्यंतरानंतर त्यांनी आपल्या मुख्य पाच मुली बाकावर बसवल्या. राखीव मुली खिदळत खेळत होत्या, आणि आमचा एखादा बॉल बास्केटमध्ये पडला की त्यांचे पालक बारशाला आल्यासारखे कौतुकानं टाळ्या वाजवत होते. माझं डोकं फिरलं. असल्या दयेपेक्षा थोबाडीत मारलेली परवडते.

कोचनी टाइमआउट घेतला आणि सरळ त्यांच्या बाकापाशी गेले. "तुमच्या पाच जणी परत आणा."

"तुमच्या मुलींनाही जरा खेळू द्या की," त्यांचे कोच गोड हसत म्हणाले.

"त्या खेळतायत. तुम्ही खेळत नाही."

पाचही जणी परत आल्या. आम्ही सपाटून हरलो. माझ्या मुलीचा गुडघा सोलवटला. टाळ्या मात्र थांबल्या.

बाहेर पडताना मी धुसफुसतच म्हणालो, "कोच, फारच धुतलं हो."

त्यांनी भिंतीवर बोट आपटलं. "बाद केलं ना? मग आपण लिंबूटिंबू नाही."