शेवंतामायचे खुंटे

शेवंतामाय कुणालाही नावेत बसू देण्याआधी त्याच्याकडून एक गाठ मारून घ्यायची. मग तो तलाठी असो, हळद लागलेला नवरदेव असो, की माझ्यासारखा नवा मास्तर असो.

माझी बदली गंगेपलीकडच्या वस्तीशाळेवर झाली होती. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पहिल्या दिवशी मी ताडकळसला बस बदलून, बुटांना पॉलिश करून काठावर पोचलो. काठावर चांगलं ऐसपैस हिरवं रान होतं. शेळ्या चरत होत्या, जाळी वाळत होती, बाया धुणं पसरत होत्या. पाण्याच्या कडेला बाभळीचे आठ-दहा खुंटे रोवलेले आणि त्यांना नावा बांधलेल्या. साठीची एक काटक बाई कासोटा खोचून उभी होती. तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं, हातात दोर दिला आणि खुंट्याकडे बोट केलं. "बांधा."

मी जीव लावून पाच-सहा गाठी मारल्या. तिनं वाकून त्या पाहिल्या.

"गुरुजी, ही सोडायला तुमालाच बोलवावं लागंल. शाळा टाकून याल का?"

मग तिनं समजावलं. हे खुंटे कुणाचेच नाहीत. ज्याला जागा मिळेल त्यानं तिथं बांधावं. माझी नाव तुझ्या आड आली, तर माझी सोडायची, आपली काढायची आणि माझी परत बांधून जायचं. म्हणून गाठ अशी हवी की एका ओढीत सुटेल आणि पाण्याच्या ओढीला मात्र हलणार नाही. "बांधायची आपुन, सोडता आली पायजे दुसऱ्याला." मला ती गाठ यायला पंधरा दिवस लागले. आली, असं ती म्हणाली नाही. फक्त माझ्या गाठीकडे बघायचं तिनं सोडून दिलं.

नवरा गेल्यावर दीर म्हणाले होते, बाईमाणसानं नाव हाकायची नसते. ती वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर जाऊन उभी राहिली. पलीकडच्या शेतात कापूस वेचायला जाणाऱ्या बाया येऊन बसल्या, आणि विषय संपला. दीरही मग तिच्याच नावेतून जाऊ लागले. त्यांच्याकडूनही तिनं गाठ मारून घेतली.

खालच्या अंगाला बंधारा आहे. त्याची दारं लावली की दिवाळीनंतर गंगा काठोकाठ भरते, आणि उन्हाळ्यात पार तळाला जाते. पाणी हललं की शेवंतामाय खुंटे उपटायची आणि पाण्यामागं नेऊन दगडानं पुन्हा ठोकायची. वर्षातून सहा-सात वेळा हे चालायचं. एकदा मी म्हणालो, "माय, एकाच जागी पक्के का नाही करत?"

"गंगा एका जागी ऱ्हात न्हाई, मग खुंट्यानं कामून ऱ्हावं?"

हे मी ऐकलं होतं. समजलंही होतं. म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

काठाचं सुशोभीकरण मंजूर झालं. दिवाळीनंतर एक साहेब मोजमापाला आले. शेवंतामाय त्या वेळी पलीकडच्या काठाला होती. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. माझा शर्ट खोचलेला होता. त्यांनी मलाच विचारलं, "गुरुजी, पाणी कुठपर्यंत असतं?" मी हात लांब करून दाखवलं. त्यांनी तिथं लाल खूण केली. मग आम्ही चहा प्यायलो. आपल्यालाही कुणी विचारतं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. दगडी भिंत, पायऱ्या, आणि लाल खुणेच्या ओळीत बारा लोखंडी कड्या. कडीला नंबर, नंबराला साखळी, साखळीला कुलूप. खुंटे अतिक्रमण म्हणून उपटले गेले. त्या हिरव्या रानावर मुरूम टाकून त्यावर बाहेरून आणलेलं गवत लावलं आणि भोवती जाळी मारली. शेवंतामाय भिंतीखाली उभी राहून वर कड्यांकडे बघत होती.

"लय वर बसवायलेत. पाणी इथवर ऱ्हातं म्हणून कुणी सांगितलं आसंल?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

जाळीवर पाटी लागली. ती तिनं माझ्याकडून वाचून घेतली. 'हिरवळीवर चालू नये.' तिनं थोडा विचार केला. "मंग लावली कशाला?" एवढंच विचारलं. पण त्या दिवसापासून ती जाळीला लांबचा वळसा घालून पाण्यावर येऊ लागली. गुडघा दुखायचा, तरी यायची. शेळ्या मात्र दुसऱ्याच आठवड्यात जाळीखालून आत गेल्या होत्या.

पुढच्या दिवाळीनंतर उद्घाटन झालं. गंगा भरलेली, पाणी बरोबर कड्यांना टेकलेलं, फोटो सुरेख आले. माझ्या जिवात जीव आला. शेवंतामायच्या नावेला चार नंबर मिळाला होता.

फाल्गुनात खालच्या गावांसाठी पाणी सोडलं. सकाळी आम्ही काठावर आलो तर पाणी पुरुषभर खाली गेलेलं, आणि बाराही नावा नाकाला साखळी अडकवून भिंतीला लटकलेल्या. किल्ल्या ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे होत्या. शिपाई लग्नाला वालूरला गेला होता. ज्वारी काढायला निघालेल्या बाया पायऱ्यांवर बसून राहिल्या. पलीकडे माझी शाळा मास्तराविना भरली असावी, कारण ओरडा इकडपर्यंत ऐकू येत होता.

चार नंबरची फळी स्वतःच्याच वजनानं उकलली होती. शेवंतामायनं त्या फटीत बोटं घातली आणि तशीच उभी राहिली. तिच्या नवऱ्याच्या हातची नाव होती ती. मला राहवलं नाही.

"माय, पाण्याची खूण मी दाखवली होती."

तिनं फटीतून बोटं काढून पदराला पुसली.

"खोटं न्हाई दाखवलं तुमी. पाणी तिथंच हुतं. तुमी त्या दिवसाचं दाखवलं, गुरुजी. गंगा सालभराची आसती."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि चूक माझी आहे, खुंटे परत रोवू द्या, असं सांगितलं. सरपंच म्हणाले, "गुरुजी, तुमी बाहेरगावचे, खाली बसा." मी बसलो नाही. मग मागून ज्वारीवाल्या बाया एकेक करत उभ्या राहिल्या. त्याही बसेनात. शेवटी ठराव झाला: शेवटच्या पायरीखालच्या गाळात सार्वजनिक खुंटे तात्पुरते राहू द्यावेत. 'तात्पुरते' हा शब्द मला खटकला. मी तसं तिला म्हणालो.

"तात्पुरतंच पायजे की. खुंटाच हाय त्यो."

नाव तिनं डांबर आणि पत्र्यानं सांधली. पण गेल्या हिवाळ्यात ती स्वतः खोकल्यानं पडली आणि उठली नाही. मी पलीकडे शाळेत होतो, तिथंच निरोप आला. मी शाळा सोडली आणि मिळाली ती नाव घेऊन निघालो. अलीकडे पोचलो तर काठ नावांनी भरलेला. वरच्या, खालच्या, दोन्ही काठांच्या गावांतून माणसं आली होती. भिंतीवरच्या बाराही कड्या रिकाम्या होत्या. खुंटे मात्र एकही रिकामा नव्हता. मी शेवटच्या खुंट्याला, दुसऱ्या दोन दोरांच्या वर, माझा दोर बांधला.

सगळं उरकून आम्ही पाण्यावर परत आलो. एका अनोळखी माणसाची नाव माझ्या नावेमागं अडकली होती. मी पुढं होऊन सोडणार, तेवढ्यात त्यानं माझ्या दोराचं टोक धरून ओढलं. गाठ एका ओढीत सुटली. त्यानं आपली नाव काढली, माझी परत बांधली आणि माझ्याकडे न बघताच निघून गेला. मी तिथंच गाळात उभा राहून रडलो.