लेकीनं फॉर्मवर ‘कुक’ लिहिलं

मंडळी, दुपारपासून छाती फुगलीय, म्हणून लिहितोय.

मंदीत दुबईतली सिक्युरिटीची नोकरी गेली. आता अजमानला कमी पगारावर आहे. लेकीला इथं कॉलेजात घालणं झेपणारं नाही. पण मी सतरा वर्षं फौजेत होतो, त्यामुळे पुण्यात माजी सैनिकांच्या मुलांच्या राखीव जागेसाठी तिला अर्ज करता येतो.

आज तिनं त्या फॉर्मसाठी माझं फौजेतलं डिस्चार्ज बुक मागितलं आणि मला घाम फुटला. तिला आजवर एवढंच सांगितलं होतं, की पप्पा बॉर्डरवर होते. बुकात मात्र ट्रेडपुढे, म्हणजे कामाच्या रकान्यात, स्वच्छ लिहिलंय, ‘कुक’.

मी म्हटलं, "ते नको गं लिहूस. नुसतं हवालदार लिही."

तिनं मान वर केली. "पप्पा, देन हू फेड ऑल दोज सोल्जर्स?"

"मीच. बर्फात, स्टोव्हवर, तीनशे जणांना."

"देन आय ॲम रायटिंग इट." आणि तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं.

इथं आपण सगळेच हुद्दा जरा वाढवून सांगतो. मी आज ते वाढवणं खलास केलं. तुमच्या मुलांना तुमचं खरं काम माहीत आहे का?