चुगलखोर डबी

बाबा वळायचं नसलं तरी जीपचा उजवा दिवा लुकलुकत ठेवतात, असं झरीहून परभणीला येणारं कुणी ना कुणी तिथे राहणाऱ्या माझ्या भावाच्या कानावर घालायचंच. म्हातारा विसरायला लागलाय, जीप विकून टाकू, असं भावाने ठरवलं होतं. मला विकणं नको होतं, पण बाबांबद्दल संशय मलाही होताच.

नामांतराच्या बंदमुळे आमचं तंत्रनिकेतन बंद होतं, म्हणून मी झरीला बाबांकडेच होते. बसल्या बसल्या मी एक डबी तयार केली. दिवा चालू असेपर्यंत ती किरकिर करायची. बाबांना आठवण राहील, जीप वाचेल, असा माझा बेत. मिजाशीतच ती स्टिअरिंगखाली बसवली.

बाबांनी आधी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुनी बसवायला लावली?"

"कुणी नाही. तुमच्यासाठी केली."

"माज्यासाठी? मंग गावाला आयकू जाईल अशी कामून वराडायली?"

त्यांनी तिला चुगलखोर म्हणायला सुरुवात केली. पुढे तर तिच्या तोंडात चिंधी कोंबलेली सापडली. मी काढली की ते पुन्हा कोंबत. हे काहीतरी लपवतायत याची मला खात्रीच पटली. मग एका सकाळी मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. जीप चालवायला मला त्यांनीच शिकवलेलं; आता मीच त्यांच्यावर पाळत ठेवत होते.

गाव सुटताच त्यांनी उजवा दिवा लावला. रस्ता सरळसोट. डबी किरकिरायला लागली. मागचा ट्रक हॉर्न देत पुढे गेला, पाठोपाठ एसटी. पुढे जा म्हणून ट्रकवाले असा दिवा देतात, तसाच.

"विसरलो न्हाई मी," बाबा समोर बघत म्हणाले. "मान वळंना झालीय. ह्या एवढ्याशा आरशात काईच कळत न्हाई. म्हून समद्यांलाच म्हनतो, जा बाबांनो फुडं. जा आता, सांग भावाला."

मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला. परभणीत पोचल्यावर मी डबी उपटली आणि मोठा फुगीर आरसा बसवून घेतला. आता तरी भावाचं तोंड बंद होईल, असं वाटलं.

परत निघालो. बाजारातून बाहेर पडेपर्यंत बाबा त्या आरशातच बघत होते. रिक्षा, सायकली, एसटी, स्कूटरवर पोराला पुढ्यात उभं केलेली एक बाई.

"एवढं समदं असतंय व्हय माज्या मागं?"

त्यांनी जीप कडेला घेतली, खाली उतरले आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"सरक तिकडं," ते म्हणाले. "तू चालव."