जरा गुडघा मारा

"पावणं, जरा गुडघा मारा बरं."

माझ्या दुकानात गाडीची सीट शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाचं एके काळी असं स्वागत व्हायचं. बोलणारे दादा. स्टुलावर बसलेले, कुबडी भिंतीला टेकवलेली, आणि पुढ्यात जमिनीवर एका जाड फळीला बोल्टनं आवळलेला गाडीच्या गिअरचा लिव्हर. गिऱ्हाईक बिचारं माझ्याकडे बघायचं. मी मान डोलवायचो, की मारा बाबा, नाहीतर हा माणूस तुम्हाला सोडायचा नाही. मग ते लाजत लाजत गुडघा टेकवायचं.

"असा न्हाई, राव. खड्ड्यात आदळल्यावर मारता तसा!"

आता तुम्ही म्हणाल, हे काय खूळ. घोडेगावातले लोकही तेच म्हणायचे. त्यांना हसायला काय जात होतं? खूळ कुठून आलं, हे मला ठाऊक होतं, आणि सांगायची मला बंदी होती. त्याचा राग अजून गेलेला नाही.

नव्वदच्या दशकात दादा वडाप चालवायचे. डोंगरातल्या गावांकडची एसटी चुकली की दादांची जीप ठरलेली. पुढच्या सीटवर दादा धरून चारजण. दादा स्वतः निम्मे बाहेर लोंबकळत, आणि गिअरचा दांडा मधल्या माणसाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. गिअर बदलायचा झाला की दादा फक्त म्हणायचे, "पावणं, गुडघा." पाव्हणा पाय आखडून घ्यायचा, दादा गिअर टाकायचे, पाव्हणा पाय पुन्हा सैल सोडायचा. चढ संपेपर्यंत ही कवायत चालायची आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

त्या दिवशी एका म्हातारीला उतरवायला जीप चढावर थांबली. त्या जिपांचा हँडब्रेक नावालाच असायचा. गाडी बंद करायची, पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि मागच्या चाकाला धोंडा लावायचा, ही सगळ्यांचीच रीत. दादा धोंडा लावायला वाकले. इकडे पुढे मध्ये बसलेल्या गृहस्थांनी आळस दिला, पाय ताणले, आणि त्यांच्या गुडघ्याने झिजलेला गिअर सुटला. जीप मागे आली. दादांचा डावा पाय चाकाखाली गेला.

मी मागच्या बाकावर होतो. दोन डोक्यांच्या फटीतून मी तो गुडघा पाहिला. तो ज्यांचा, ते खताच्या दुकानाचे मालक. त्यांना सगळे शेठ म्हणत.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्यात मी दादांना म्हणालो, की मी सांगतो सगळ्यांना. दादा माझ्यावरच डाफरले.

"मधी त्याला दाटून बसवला कुणी? मीच ना? मग त्यानं गुडघा काय घरी ठिवून यायचा व्हता?"

"पण दादा, तो माणूस…"

"त्याला सांगायचं असंल तर त्यो सांगंल. तू न्हाई सांगायचं. शप्पत हाय माझी."

आणि शेठ काय सांगत होते? एसटी स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात मांडी घालून सांगत होते, की हँडब्रेक लावायचा विसरला. कधी सांगत, "घेतली असंल थोडी सकाळच्या पारी." दादांनी उभ्या आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. लोक मान डोलवायचे. मी तिथे चहा प्यायचं सोडलं.

दादा बरीच वर्षं ओट्यावर बसून होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि कुणाचा क्लच गेलाय ते बसल्या जागी सांगायचे. त्यांना परत गाडी चालवायची होती, दुसरं काही नको होतं. पण क्लच दाबायला डावा पाय कुठून आणायचा? पुढे दोन हजार सालानंतर माझ्या शेजारच्या गॅरेजच्या मिस्त्रीने पुण्याच्या भंगारबाजारात मोडीत निघालेल्या एका परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पाहिला. याला क्लच नाही, एका पायावर गाडी चालते, असं त्याने सांगितलं आणि दादांनी त्या रात्री आनंदाने जेवण घेतलं नाही म्हणे. जुनी जीप गवतातून बाहेर निघाली.

गिअरबॉक्स बसला. अडलं ते लिव्हरवर. मूळ गाडीत तो स्टेअरिंगला होता. मिस्त्री म्हणाला, "दादा, तितंच ठिवू. खाली मोकळं ऱ्हाईल, अजून एक शीट बसंल."

दादा असे उखडले की मिस्त्रीच्या हातातला पाना पडला. "एक शीट जास्त बसवायच्या नादातच पाय घालवलाय मी! लिव्हर खालीच पायजे. जितनं सुटला तितंच घट ऱ्हायला पायजे."

मग मिस्त्रीने भंगारातून लिव्हर आणले आणि माझ्या दुकानाची परीक्षाशाळा झाली. पहिला लिव्हर उंच, देखणा, डोक्यावर चकचकीत गोळा. मिस्त्रीचा जीव त्याच्यावर जडला होता. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गुडघ्याने तो पार्किंगच्या, म्हणजे गाडी जागेवर जखडून ठेवणाऱ्या, घरातून सुटून थेट खाली आला. दुसऱ्याची खाच नागमोडी होती. तो बरेच दिवस टिकला, आणि एक दिवस आळेफाट्याच्या एका धिप्पाड टेम्पोवाल्याने तिरका गुडघा मारला. "गुडघ्याला वाट घावली," दादा म्हणाले आणि त्यांनी तोही बाद केला. तिसरा ठेंगणा, मुठीचं प्लॅस्टिक तडकलेलं, बाजूला अंगठ्याने दाबायचं बटन. बटन दाबल्याशिवाय तो जागचा हलेना. मिस्त्री नाक मुरडून म्हणाला, "लई बेंगरूळ दिसतंय, दादा."

"आपल्याला काय त्येचं लगीन लावायचंय?"

मी मुठीला काळं रेक्झिन चढवलं, बटनापुरतं उघडं ठेवून. इतका जीव लावून मी कुणाच्या सीटलाही टाका घातला नसेल.

हॉटेलात शेठ सुरूच होते. "एका पायाचा माणूस, आन् बिनक्लचची गाडी! परत कुनाला तरी चिरडनार ह्यो."

परत? आधी कुणाला चिरडलं होतं हो दादांनी? चिरडले गेले होते ते स्वतः!

जीप तयार झाली. ओझरला गणपतीसमोर पूजा झाली, आणि परतताना दादांनी ती नेमकी त्या हॉटेलापुढे उभी केली. "शेठ, चला, चक्कर मारू." चारचौघांत नाही कसं म्हणणार? शेठ पुढे बसले. दादा म्हणाले, "मधी सरका." मी मागे. कुठे चाललोय हे कळायला मला वेळ लागला नाही. शेठनाही लागला नसावा, कारण वाटेत त्यांनी सीटची कड दोन्ही हातांनी धरली.

तोच चढ. दादांनी गाडी थांबवली, लिव्हर पार्किंगला टाकला, इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला नाही. कुबडी घेऊन खाली उतरले आणि जीपच्या मागे, जिथे त्या दिवशी वाकले होते, तिथे जाऊन उभे राहिले. धोंडा लावला नाही.

मागून हाक आली, "पावणं, जरा गुडघा मारा बरं."

शेठ दोन्ही गुडघे जुळवून बसले होते. त्यांची मान घामाने भिजली होती.

"मारा, शेठ. न्हाई हालत."

मीही ओरडलो, "मारा की! तेव्हा बरा मारला होता!" शपथ मोडली असेल तर तेवढीच. शेठनी गुडघा हळूच लावला. मग जरा जोरात. लिव्हर हलला नाही. जीप तसूभरही सरकली नाही.

दादा कुबडी टेकत पुढे आले, हसत. "बगितलं? तुमची काय चूक नव्हती, शेठ. लिव्हरच लबाड व्हता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याची मानगूट धरायची, त्याची समजूत काढत होते! शेठनी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून हॉटेलातली बडबड बंद झाली, एवढं खरं. पण खरं काय ते सांगायला तोंड उघडलं नाही ते नाहीच.

दादा पुढे कितीतरी वर्षं ती जीप चालवत होते. मध्ये बसणाऱ्याला सांगायचे, "पाय पसरा निवांत." मग साखरेच्या आजाराने त्यांना नेलं. दशक्रियेला नदीवर भाषणं झाली. शेठ उठले. मला वाटलं, आता तरी. "दादांच्या पायाला जे झालं…" इतकं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरले.

मुलाने जीप विकली. घेणाऱ्याने ऑटोमॅटिक काढून साधा गिअरबॉक्स घातला. भंगारात गेलेला लिव्हर मी उचलून आणला आणि पुन्हा त्याच फळीला आवळला.

परवा शेठ स्कूटरची सीट घेऊन आले. थकलेत आता. दादांच्याच स्टुलावर बसले, आणि मग त्यांना लिव्हर दिसला. त्यांनी दोन्ही गुडघे एका बाजूला घेतले. मी सुई खाली ठेवली.

"पावणं," मी म्हणालो, "जरा गुडघा मारा बरं."

ते गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. ओठ हलल्यासारखे वाटले. मी वाट पाहिली. मग ते भिंतीला धरून उठले आणि लिव्हरला वळसा घालून बाहेर गेले.