डोंगरावरचा सदाप्पा आणि गावाचा फ्लेक्स

फ्लेक्सवरचा माणूस माझा पणजोबा न्हाय.

पणजोबाचा फोटो कुणी कधी काढलाच न्हवता. हा फेटेवाला, पिळदार मिशीवाला कोण, ते छापणाऱ्यालाबी ठाऊक नसंल. नेटवरनं उचललाय.

खाली गावातल्या झाडून सगळ्या नेत्यांची तोंडं, गॉगल लावून. आणि मोठ्या अक्षरात:
'वनरक्षक वीर सदाप्पा यांना मानवंदना. जाळ आन् धूर संगटच!'

अरे, आगीवर नजर ठेवणारा माणूस हुता त्यो! त्याच्या पुण्यतिथीला हे छापताय? जरा तरी लाजा वाटू देत लेकांनो.

आयोजक हाईत माजी सरपंच. काल मी कागल एमआयडीसीत ड्युटीवर असताना फोन आलता.

"पावणं, तुमी वारस. स्टेजवर या, दोन शब्द बोला. पण जरा पॉझिटिव्ह बोला की."

पॉझिटिव्ह. बरं. स्टेजवर येत न्हाई, हितंच गावाच्या ग्रुपवर बोलतो.

संस्थान हुतं तवा, महाराजांच्या राज्यात राधानगरीकडच्या त्या डोंगरावर एक दगडी चौथरा आणि त्यावर उंच लाकडी मनोरा हुता. शिमग्यापासनं मिरगापर्यंत सदाप्पानं त्यावर बसायचं. जंगलात कुठं धूर दिसला की शिंग फुंकायचं. शिंग ऐकलं की खालच्या गावानं ओल्या डहाळ्या घेऊन आग बडवायला धावायचं.

हे मला सांगितलं माझ्या आज्जीनं, म्हणजे सदाप्पाच्या लेकीनं.

वर चूल पेटवायची न्हाई, चिलीम वढायची न्हाई. उन्हाळाभर गार भाकरी आणि खर्डा. पणजी रोज पाण्याचा घडा डोक्यावर घेऊन डोंगर चढायची.

वारं सुटलं की हा गडी धोतरानं स्वतःला खांबाला बांधून घ्यायचा. खाली गवा येऊन खांबाला अंग घासायचा, सगळा मनोरा हलायचा, आणि हा वरनं त्याला आईबापावरनं शिव्या घालायचा. आज्जी म्हणायची, गवा ऐकून घ्यायचा आणि जायचा.

उन्हाची तिरीप लागू नये म्हणून डोळ्याखाली काजळ लावायचा. गाव फिदीफिदी हसायचं.

"काय सदाप्पा, नटूनथटून कुणाची वाट बघायलाईस?"

हसणारं गाव हेच. फ्लेक्सवालं.

मग एका उन्हाळ्यात ह्या शहाण्यांनी ठरवलं, जंगलातलं वाळकं गवत जाळायचं. जाळलं की पावसात नवं गवत जोरात येतं, जनावरांना चारा हुतो. पण कायदा असा, की आग लावताना गाव सापडलं तर त्या गावाची जंगलातली चराई वर्सभर बंद.

म्हणून सदाप्पाला गप करायला कुणाला पाठवलं? त्याच्या सख्ख्या मेव्हण्याला. पणजीचा भाऊ. आत्ताच्या माजी सरपंचांचा पणजोबा.

"दाजी, उद्या दुपारी जरा डोळा लावा."

"मी डोळं मिटलं म्हणून धूर मिटतोय व्हय रं?"

"असं काय करताय? निदान माझ्या बहिणीकडं तरी बघा की."

"तिच्याकडं बघतोयच. रोज वर येती ती. तू आज पयल्यांदा आलास."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी काडी लावलीच.

आणि वारं फिरलं. आग निघाली पलीकडच्या धनगरवाड्याकडं. तिथं गवताच्या झोपड्या, लेकरं, कोकरं.

सदाप्पानं शिंग फुंकलं. ओठातनं रगत येईपर्यंत फुंकलं. धनगर लेकरंबाळं, मेंढरं घेऊन बाहेर पडले. सगळे वाचले.

ज्यांनी काडी लावली, त्यांनाच मग डहाळ्या घेऊन ती आग बडवावी लागली. खरं सांगू? मला ह्याचं अजून हसू येतं.

शिंगानं बोभाटा झाला, चराई बंद झाली. जनावरं मिळंल त्या भावानं विकली. आणि गुन्हेगार कोण ठरला? शिंग फुंकणारा! चोराच्या उलट्या बोंबा.

सदाप्पाचं घर वाळीत टाकलं. पाणवठा बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. मेव्हणा दिसला की वाट बदलायचा.

तरी पुढच्या उन्हाळ्यात सदाप्पा परत मनोऱ्यावर. ह्याच गावाचं जंगल राखायला. मला त्याचा अभिमान वाटतो आणि रागबी येतो.

तिथंच ताप भरला. दोन दिवसांत चौथऱ्याच्या सावलीला त्यानं जीव सोडला.

पणजी लेकीला घेऊन खाली आली. भावाच्या दारात हुभी राहिली.

"चार माणसं दे. त्यांना खाली आणायचंय."

भाऊ उंबऱ्याच्या आतनंच बोलला, "शिंग फुंक म्हणावं. येतील माणसं."

काय माजी सरपंच, हे बोललं तर चालंल का स्टेजवर? पुरेसं पॉझिटिव्ह हाय न्हवं?

खांदा दिला न्हाई, सरणाला लाकूडबी दिलं न्हाई.

पणजी रडली न्हाई. कुऱ्हाड घेऊन परत वर गेली आणि मनोरा फोडला. आज्जी तवा लहान पोर, फळ्या वढून आणत हुती. त्याच लाकडांवर पणजीनं नवऱ्याला ठेवलं आणि स्वतःच्या हातानं अग्नी दिला.

धूर वर गेला. गावानं बघितला. कुणी जागचं हललं न्हाई.

धनगरवाड्यानंबी बघितला. तिकडनं माणसं पळत आली, हातात ओल्या डहाळ्या. त्यांना वाटलं वणवा लागलाय, मग आज शिंग का वाजलं न्हाई?

चिता बघून थांबली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण गेलं बाई?"

"शिंग फुंकणारा."

म्हाताऱ्यानं हात जोडले. कुणी परत गेलं न्हाई. एक ठिणगी उडून जंगलाला लागू नये म्हणून ती सगळी माणसं डहाळ्या हातात धरून, राख गार हुईपर्यंत चितेभोवती हुभी राहिली.

पणजोबा, मी तुम्हाला बघितलं न्हाई. पण लई जीव हाय तुमच्यावर.

रामराम.