भिंतीला विचारा

नव्या गिलाव्यासमोर आले की मिस्त्री आधी चष्मा काढून खिशात ठेवायचे, मग डोळे मिटून उजवा गाल भिंतीला लावायचे. बराच वेळ तसेच उभे राहायचे. गवंड्यांना मजा वाटायची.

"काय म्हंती भिंत?" एखादा मुद्दाम विचारायचा.

"थांबा म्हंती. घाई आपल्याला हाय, तिला न्हाई."

बंगल्याचा मालक येऊन टाइल कधी लागणार म्हणून विचारायला लागला, तरी त्यांचं उत्तर एकच. "मला काय इचारता? भिंतीला इचारा की."

मी शिरूरमध्ये बांधकामाचे ठेके घेतो. माणूस थांबलेला मला बघवत नाही. चहा गार होईपर्यंत धीर निघत नाही म्हणून बशीत ओतून पितो, आणि फोन एका रिंगला उचलला नाही तर समोरच्याला शिव्या घालतो. असा मी आणि असे हे मिस्त्री, तरी आमचं अकरा वर्षं जमलं. त्याचं कारण एवढंच की आमच्या भागात काचेची टाइल लावावी तर त्यांनीच.

काचेची टाइल म्हणजे भारी नाजूक प्रकरण. साधी टाइल लावणारे गवंडी काचेचीही सवयीनं बादलीत भिजत घालतात, मागं करडं सिमेंट थापतात आणि दाबून मोकळे होतात. काच आरपार दिसते. मागचं करडं सिमेंट, थापीचे ओरखडे, बोटाचा ठसा, सगळं पुढं येतं. मिस्त्री पांढराशुभ्र मसाला वापरायचे. दातेरी थापीनं रेघा ओढल्या की सपाट बाजूनं त्या पुन्हा मोडून भिंत लोण्यासारखी गुळगुळीत करायचे आणि मगच टाइल टेकवायचे. त्याआधी प्रत्येक टाइलची पाठ सुती फडक्यानं पुसायची. एकदा कोरेगाव भीमाच्या साइटवर एका गवंड्यानं काचेच्या टाइला बादलीत टाकल्या, तर हे त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली आणि म्हणाले, "बाबा, काचंला तहान नसती."

ते दौंडचे. तीन पिढ्यांचं घर तिथं, पण काम कायम बाहेरगावी. आठवडाभर साइटवर राहायचे, गुरुवारी दुपारच्या एसटीनं घरी जायचे, शुक्रवारची नमाज करून शनिवारी सकाळी परत. आमच्या ओळखीच्या आठव्या वर्षी त्यांच्या बायकोला, आम्ही त्यांना चाची म्हणायचो, लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलगी सोलापूरला दिलेली. शेजारीण दोन वेळा भरवायची.

मग रोज दुपारी डबा उघडण्याआधी मिस्त्री शेजारणीला फोन लावायचे. ती फोन चाचींच्या कानाशी धरायची. हे इकडून सांगायचे, आज किती ओळी झाल्या, रंग कसा आहे, उन्हं आल्यावर कसा दिसतो. तिकडून बोलणं नाही, नुसता श्वास. पाच-सात मिनिटं ते श्वास ऐकत बसायचे आणि मग जेवायचे. मी एकदा चिडवलं, "मिस्त्री, भिंतीशी पण बोलता आन् फोनवर पण एकटेच बोलता." ते हसले. म्हणाले, "दोन्ही मुक्या हायेत सायेब, पण खोटं न्हाई सांगत."

केंदूरला आप्पांचा बंगला आला तेव्हाची गोष्ट. आप्पा मोठे बागायतदार, गावात शब्दाला वजन. पुण्यातल्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी मोरपिशी काचेची भिंत बघितली आणि आपल्या दिवाणखान्यात, देव्हाऱ्यामागं, तशीच हवी असा हट्ट धरला. त्यांच्या मेहुण्याचं दौंडला मंगल कार्यालय उभं राहत होतं. आप्पा मिस्त्रींना म्हणाले, "ही भिंत मनासारखी झाली, की पाव्हण्याच्या कार्यालयाचं समदं काचकाम तुमचं. दोन वरीस पुरंल."

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी फोनवर ते बायकोला एकच गोष्ट तीनदा सांगत होते. कार्यालय त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. दुपारी घरी जाता येईल, स्वतःच्या हातानं भरवता येईल. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "दुसऱ्याच्या हातनं ती नीट जेवत न्हाई. वाळलीय."

आता माझं पाप सांगतो. केंदूरचा गिलावा वेळेत व्हायला हवा होता. मी ते गवंडी परस्पर कोरेगावच्या दुसऱ्या साइटवर हलवले, कारण तिथला मालक जास्त ओरडत होता. केंदूरची भिंत तीन आठवडे उशिरा झाली. आप्पांची वास्तुशांत ठरलेली, पत्रिका वाटलेल्या, गावजेवण सांगितलेलं. हातात नऊ दिवस उरले होते.

मिस्त्रींची एक परीक्षा असायची. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारायची आणि दीड-दोन दिवस थांबायचं. प्लॅस्टिकच्या आत दव धरलं तर भिंत ओली. साधी टाइल थोडा ओलावा पिते आणि सोडते, काच काहीच सोडत नाही, पाणी आत कोंडतं. गुरुवारी दुपारी त्यांनी त्या भिंतीवर तीन तुकडे चिकटवले आणि दौंडला गेले.

शनिवारी सकाळी ते यायच्या आधी मी पोचलो. तिन्ही प्लॅस्टिकच्या आत थेंब होते. अजून दोन आठवडे तरी लागणार होते, आणि माझ्याकडं ते नव्हते. मी प्लॅस्टिक सोलून काढलं, रुमालानं भिंत पुसली आणि रंगाऱ्यांचे दोन हॅलोजन दिवे तिच्यासमोर लावून ठेवले. तासाभरानं दिवे विझवून, सामान आवरून, नवे कोरडे तुकडे होते तिथंच चिकटवले. चिकटपट्टीचे कोपरे तर त्यांच्यासारखेच दुमडले. एवढं नीट काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

मिस्त्री आले. चपला बाहेर काढल्या, चष्मा काढला, गाल लावला. फार वेळ लावला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"कोमट लागती. आतलं नीट कळंना मला."

"ऊन पडतंय सकाळचं. प्लॅस्टिक बघा की, तुम्हीच लावलंय."

त्यांनी तिन्ही तुकडे बघितले. कोरडे. पुन्हा गाल लावला. मी घड्याळ बघत उभा. त्यांनाही दौंडचं काम हवं होतं, ती भिंत सुकलेली असावी असं त्यांनाही वाटत होतं, हे मला माहीत होतं आणि मी त्याच्याच भरवशावर होतो. "सायेब, चार दीस थांबता आलं असतं तर," एवढं म्हणाले.

"प्लॅस्टिक खोटं बोलत नाही, असं मला कोणी शिकवलं?" मी आवाज चढवला.

"म्याच," ते म्हणाले, आणि मसाला कालवायला घेतला.

वास्तुशांतीला भिंत अशी झळकली की भटजी मंत्र म्हणताना दोनदा तिकडं बघून चुकले. मेहुणे दौंडहून आले होते. त्यांनी मिस्त्रींच्या पाठीवर हात ठेवला. मिस्त्री पंगतीत माझ्या शेजारी बसले आणि लाडू कागदात बांधून खिशात ठेवला. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

दीड महिन्यानं आप्पांचा फोन आला. काचेमागं ढग धरले होते, काळपट, पसरत चाललेले. मी गेलो त्या दिवशी मधल्या दोन ओळी सुटून देव्हाऱ्यावर पडल्या होत्या, समईची वात मोडली होती. मेहुणे तिथंच बसलेले. मिस्त्रींना बोलावून घेतलं होतं. ते खाली बसून एकेक तुकडा उचलत होते, पाठ बघत होते, भिंतीतल्या ओल्या खपल्या बोटानं चाचपत होते.

"देवाच्या डोक्यावर काच पाडली तुम्ही," आप्पा म्हणाले. "वल्या भिंतीवर लावतं का कुणी?"

मिस्त्री माझ्याकडं बघू लागले. मदतीसाठी बघत होते. प्लॅस्टिक मी पण पाहिलं होतं, एवढंच मी बोलावं अशी त्यांची अपेक्षा. माझ्या जिभेला हाड नाही हे तेव्हा कळलं. मी म्हणालो, "मिस्त्री, आता वय झालं तुमचं."

ते पुन्हा तुकडे उचलू लागले. मेहुणे उठून बाहेर गेले.

ती भिंत मिस्त्रींनी पुन्हा केली. छिन्नीनं सगळी काच उतरवली, भिंत उघडी करून महिनाभर सुकू दिली आणि एकट्यानं परत लावली. दौंडच्या कार्यालयाचं काम तोपर्यंत राजस्थानच्या टोळीकडं गेलं होतं.

त्यानंतरचे मिस्त्री मला बघवले नाहीत. मी त्यांना कामं देत राहिलो, अपराधी माणूस देतो तशी. एका न्हाणीघराला त्यांनी बारा दिवस नुसतं प्लॅस्टिक लावलं. लावायचे, काढायचे, दुसरीकडं लावायचे. मालक चिडला, मीही ओरडलो. गाल लावणं त्यांनी बंद केलं होतं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "गालच खोटा निघाला माझा. चाळीस वरसं त्याच्यावर खाल्लं." दुपारी फोनवर नुसता श्वास ऐकायचे, सांगायला काही नसायचं. मग एका गुरुवारी गेले ते शनिवारी आलेच नाहीत.

चार महिने मी काढले. जेवण गोड लागेना. काचेची टाइल कुठंही दिसली की मी तोंड फिरवायचो. शेवटी गाडी काढली आणि दौंडला गेलो.

दार उघडंच होतं. चाची खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या, अगदी मूठभर उरलेल्या. आणि घराच्या चारी भिंतींवर प्लॅस्टिकचे तुकडे होते. खाटेच्या वर, चुलीमागं, दाराशेजारी, चिकटपट्टीचे कोपरे नीट दुमडलेले. शेजारची पोरं बघून हसत असतील असं वाटलं, आणि मला रडू फुटलं.

"बसा," मिस्त्री म्हणाले. "जुन्या भिंती हायेत, एकबी दव धरत न्हाई. केंदूरचं कोरडं कसं निघालं त्येच बघतोय. कुठंतरी माझंच चुकलंय, पर सापडंना."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रुमाल, दिवे, नवे तुकडे. सांगताना त्यांच्याकडं बघवलं नाही, चिकटपट्टीकडं बघत बोललो. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजी भिंत वलीच हुती?"

"होती."

"आन् गाल कळंना म्हनला, त्ये दिव्यांमुळं?"

"हो."

ते खाटेकडं गेले आणि चाचींच्या कानाशी वाकले. "सुनी क्या? दीवार गीलीच थी. मेरा कुछ नहीं चुक्या."

चाचींनी डावा हात उचलला. कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. मिस्त्रींनी तो धरून स्वतःच्या उजव्या गालाला लावला आणि तसेच बसून राहिले. मी निघायला वळलो, तेव्हा मागून म्हणाले, "सायेब, मला तुमचं काय नको. एवढं आप्पांना सांगा. त्येंच्या तोंडानं गावाला कळू द्या."

"आजच सांगतो," मी म्हणालो.

तसाच केंदूरला गेलो. फाटकाशी गाडी उभी केली, पंधरा मिनिटं आत बसून राहिलो आणि परत फिरलो. आप्पांच्या चुलतभावाचं मोठं काम मला मिळणार होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा फिरलो. पावसाळा गेला. थंडीत दौंडच्या शेजारणीचा फोन आला की चाची गेल्या. मातीला मी गेलो नाही, कारण मिस्त्रींनी विचारलं असतं. नंतर गेलो तर दाराला कुलूप. मुलगी सोलापूरला घेऊन गेली म्हणे. त्यांचा फोन लागत नाही.

तुम्हाला हे सगळं सांगणं मला सोपं आहे, तुम्ही केंदूरचे नाही.

परवा आप्पांनी चहाला बोलावलं. चार पाहुणे आले होते. मोरपिशी भिंतीवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं. मिस्त्रींनी दुसऱ्यांदा लावलेली ती भिंत, तिला आजवर एक डाग नाही, एक चीर नाही. मी आज बोलायचंच असं ठरवून गेलो होतो. पाहुण्यांतल्या एकानं भिंतीचं कौतुक केलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "दौंडचं म्हातारं हुतं. पयल्यांदा वल्या भिंतीवर लावून बसलं येडं, समदी पडली. वय झाल्यालं." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "व्हय ना हो?"

मी बशीत चहा ओतला आणि मान हलवली.